दुसरीच्या गणिताचं वर्कबुक, नवी आवृत्ती

तासगाव तालुक्यात झेडपी शाळेत दुसरीला शिकवते. जुन्या आवृत्तीत हातच्याची वजाबाकी डायरेक्ट उभी मांडलेली, मग पोरं ४२ वजा १७ बिनधास्त ३५ लिहायची, २ तून ७ जात नाहीत ना, मग ७ तूनच २ काढायची! आम्ही शिक्षकांनी वर्कबुक काढणाऱ्यांना कळवलं आणि त्यांनी खरंच बदललंय, आता आधी दशकाचा गठ्ठा सोडून दहा सुटे करायचे, चित्रात खोडायचे, मगच मांडणी. आमची पोरं तर दहा-दहा बेदाण्यांच्या पुड्या सोडून करतात, २५ येतंच. २०१९ ला बालभारतीनं आणलेलं 'वीस सात' पण 'सत्तावीस'च्या शेजारी दिलंय, कच्च्या पोरांना लई उपयोग होतो. कागद मात्र पातळ आहे, दोनदा खोडलं की फाटतो.