चित्रपुस्तक शिकवणारा ऑनलाइन कोर्स: आठ-नऊ महिने वापरून झाल्यावर

कोर्सचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, कारण मुलांची चित्रपुस्तकं लिहायला आणि रंगवायला शिकवणाऱ्या बाहेरच्या कोर्सेसचा साचा साधारण सारखाच असतो आणि एकाचं नाव घेतलं की सगळी चर्चा ‘हा घेऊ की तो घेऊ’ यावरच संपते. मी घेतलेला इंग्लंडमधून चालतो, फी पौंडात, सगळं इंग्रजीत, रेकॉर्डेड व्हिडिओ आणि महिन्यातून एकदा लाईव्ह कॉल, ज्यात तुमचं काम स्क्रीनवर लावून त्यावर सगळ्यांसमोर बोलतात. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात, त्याची तयारी ठेवा. मी पॅकेजिंगची कामं करते, मसाल्याची पाकिटं, लोणच्याची लेबलं, सीझनला लग्नपत्रिका, म्हणजे चित्र आणि सॉफ्टवेअर हे रोजचंच, मला शिकायचं होतं ते गोष्ट रचणं. ज्याला ब्रश धरण्यापासून सुरुवात करायचीय त्याला हाच कोर्स वेगळा वाटेल, त्यामुळे माझं मत त्या हिशोबाने घ्या.

पैसे कुठे वसूल झाले ते आधी सांगते. पहिल्याच आठवड्यात ३२ पानांचं गणित समजावतात. छापखान्यात एका मोठ्या कागदावर पाठपोट मिळून १६ पानं बसवायची, तोच आपला फॉर्म, असे दोन फॉर्म म्हणजे ३२ पानं. त्यातून शीर्षकपान, हक्कांचं पान, अर्पणपत्रिका वगैरे वजा केली की गोष्टीला बारा ते चौदा जोडपानं (समोरासमोरची दोन पानं) उरतात. आपल्याकडे पेपरबॅक, सेंटर पिन मारलेली, १६ किंवा २४ पानांची पुस्तकं भरपूर निघतात, २४ मध्ये तर जेमतेम दहा-अकरा जोडपानं. हे एकदा डोक्यात बसलं की गोष्ट सुचतानाच पानांमध्ये सुचायला लागते, कारण पान उलटणं हा इथे सगळ्यात मोठा हुकमी एक्का आहे. उत्सुकता उजव्या पानाच्या शेवटी, उत्तर पलीकडे. वाचणारा आईबाबा तिथे अर्धा सेकंद थांबतो, आणि मूल तेवढ्यात स्वतःचा अंदाज बांधतं.

उदाहरण म्हणून मॉरिस सेंडॅक या अमेरिकन लेखक-चित्रकाराचं १९६३ चं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ अख्खं पानपान उलगडून दाखवलंय आणि तो व्हिडिओ मी परत परत पाहिलाय. सुरुवातीला चित्र छोटं, भोवती भरपूर पांढरी जागा. मुलगा जसजसा आपल्या कल्पनेत शिरतो तसतसं चित्र वाढत जातं, शेवटी त्या राक्षसांच्या धिंगाण्याची तीन जोडपानं अशी की शब्दच नाहीत, मग चित्र परत आकसत जातं आणि शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त अर्धं वाक्य. अख्ख्या पुस्तकात शब्द साडेतीनशेसुद्धा नाहीत. चित्राची साइज हीसुद्धा गोष्ट सांगण्याची भाषा असते हे मला इतकी वर्षं लेआउट करून कोणी सांगितलं नव्हतं.

आता कोर्समधला सगळ्यात कामाचा व्यायाम. तुमचा मजकूर घ्या, शेजारी कच्चं चित्र ठेवा, आणि चित्रात जे जे दिसतंय ते मजकुरातून खोडा. माझी गोष्ट पापडांची आहे. आजी गच्चीवर पापड वाळत घालते आणि नातीला, चिमीला, राखण करायला बसवते. एका पानाचा मजकूर असा होता: ‘आजीने लाल काठाचं हिरवं लुगडं नेसलं होतं. तिने गच्चीवर जुनी साडी अंथरली आणि तिच्यावर उडदाचे पापड वाळत घातले. कठड्यावर एक काळा कावळा येऊन बसला. आजी म्हणाली, चिमे, लक्ष ठेव हं, कावळा पापड नेईल.’ लुगडं दिसतंय, खोडलं. साडी दिसतेय, पापड दिसतायत, खोडलं. कावळा कठड्यावर बसलाय, काळाच असणार, खोडलं. राहिलं काय तर ‘चिमे, लक्ष ठेव हं.’ एवढंच. आणि मग पान उलटलं की शब्द शून्य. चिमी अगदी डोळे वटारून लक्ष ठेवतेय, पण कशावर, तर मुंग्यांच्या रांगेवर, पापडांकडे पाठ, आणि मागे कावळ्याच्या चोचीत पापड. म्हणजे ऐकणाऱ्या मुलाला चिमीपेक्षा जास्त कळतंय. शब्द एक सांगतायत आणि चित्र भलतंच, आणि गंमत त्या मधल्या फटीत आहे. हे वाचून ‘हो, माहितीये’ असं वाटतं, पण स्वतःच्या मजकुरावर पेन फिरवताना, विशेषतः ‘लाल काठाचं हिरवं लुगडं’ सारखी लाडकी ओळ खोडताना जे होतं ते वेगळंच.

दुसरी वसूल गोष्ट म्हणजे डमी, पुस्तकाचा हाताने केलेला कच्चा नमुना. ए-फोर कागद घ्या, दुमडा, मधे स्टेपल मारा, पेन्सिलने माणसं म्हणजे नुसत्या काड्या काढा, मजकूर हाताने लिहा. बस. यात नवीन काय असं वाटेल, पण डमी हातात घेऊन मोठ्याने वाचली की स्टोरीबोर्डच्या (सगळी पानं छोट्या चौकटींत काढलेल्या) एका कागदावर जे कधीच दिसत नाही ते पटकन दिसतं: सलग चार पानं सगळे उभेच आहेत, सलग तीन पानं कॅमेरा तेवढ्याच अंतरावर, नायिकेचा चेहरा बरोबर मधल्या घडीत गेलाय. कोर्समध्ये सांगतात की रंगाला हात लावायच्या आधी किमान तीन-चार डम्या करा, आणि हे खरंच ऐका.

प्रोक्रिएट या आयपॅडवरच्या चित्रांच्या ॲपचे व्हिडिओ बरे आहेत, पण यूट्यूबवर फुकटात याहून चांगले मिळतात, मी दुप्पट स्पीडने पळवले. त्यातल्या दोन गोष्टी मात्र लिहून ठेवा. एक, कॅनव्हास उघडतानाच सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) निवडा, कारण आरजीबीत (स्क्रीनचे रंग) सुरू केलेला कॅनव्हास नंतर सीएमवायके करता येत नाही, आणि स्क्रीनवर झगमगणारा तो पोपटी हिरवा आणि निळा छपाईत मातकट येतो. दोन, कॅनव्हास जितका मोठा तितके लेयर (चित्राचे एकावर एक थर) कमी मिळतात. साडेआठ इंच चौकोनी पुस्तक, जोडपान १७ बाय साडेआठ, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), भोवती तीन मिमी ब्लीड (कापताना जाणारी जादा कड), म्हणजे साधारण ५१७० बाय २६२० पिक्सेल. माझ्या जुन्या आयपॅडवर एवढ्या आकाराला लेयर मोजकेच उरतात, त्यामुळे पार्श्वभूमी मी सरळ कागदावर कॅमलिनच्या जलरंगात करून स्कॅन करते आणि माणसं वर डिजिटल. आयपॅड नसेल तर त्यासाठी खर्च करू नका. क्रिटा हे चित्रांचं सॉफ्टवेअर फुकट आहे, कॉम्प्युटरवर चालतं आणि त्यात सीएमवायके आहे. कागद आणि शाई तर आहेच.

आता जे मिळालं नाही ते. देवनागरीबद्दल शून्य. साहजिक आहे, त्यांच्याकडून अपेक्षाही नाही, पण आपल्या लोकांनी घेताना हे धरून चला की अक्षरांचा सगळा भाग स्वतः शिकावा लागणार. इंग्रजीच्या हिशोबाने ठेवलेली दोन ओळींमधली जागा आपल्याला पुरत नाही, वर वेलांट्या-मात्रा, खाली उकार, एकमेकांत अडकतात. इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर ही सेटिंग निवडा, नाहीतर जोडाक्षरं फुटलेली दिसू शकतात. ल आणि श मराठी वळणाचे हवेत, मुलं शाळेत तेच गिरवतात. काही फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली असतात पण मजकुराची भाषा मराठी अशी निवडल्याशिवाय ती येत नाहीत, हिंदी वळणाची येतात. फाँटसाठी मुंबईच्या ‘एक टाईप’ या फाँट बनवणाऱ्या संस्थेचे मुक्ता आणि बालू बघा, दोन्ही फुकट आहेत. बालू शीर्षकाला छान, सलग मजकुराला मला तो जाड वाटतो, तिथे मुक्ता बरा.

जोडाक्षरांचंही तसंच. स्वतः वाचायला नुकतंच लागलेल्या मुलासाठी लिहिताय की मोठ्यांनी वाचून दाखवायचं पुस्तक करताय, हे आधी ठरवा, कारण पहिल्यात जोडाक्षरं जपून वापरावी लागतात आणि दुसऱ्यात ‘धप्पकन’, ‘गच्च’, ‘फुस्स’ हीच तर मजा असते. (‘लक्ष ठेव’ मधला क्ष मी ठेवलाय. माझं पुस्तक वाचून दाखवायचं आहे, आणि ‘लक्ष दे’ ऐकल्याशिवाय कुठल्या मराठी पोराचा दिवस जातो?)

आणखी एक, जे मला इथल्याच एका अनुभवी प्रेसवाल्या काकांकडून कळलं. आपल्याकडे एकच पुस्तक बरेचदा अनेक भाषांत निघतं. चित्र चार रंगांत, पण मजकूर फक्त काळ्याच्या प्लेटवर (छपाईत प्रत्येक रंगाची प्लेट वेगळी) ठेवला की भाषा बदलताना तेवढी एकच प्लेट बदलायची, खर्च वाचतो. म्हणून मजकूर चित्रात रंगवून टाकू नका, गडद रंगावर पांढरी अक्षरं टाळा, आणि चित्रातल्या दुकानावर ‘गणेश किराणा’ अशी पाटी लिहायचा मोह आवरा. माझ्या गच्चीच्या चित्रात पाण्याच्या टाकीवर नाव होतं, ते काढून तिथे नुसता पट्टा केला.

प्रकाशनाचा भाग मी तर सोडूनच दिला. एजंट कसा शोधायचा, त्याला पत्र कसं लिहायचं, यावर तासन्‌तास आहे. तिकडे मोठे प्रकाशक बहुतेक एजंटमार्फतच काम बघतात, म्हणून ते तसं. आपल्याकडे बालसाहित्याच्या प्रकाशकांना थेट पाठवता येतं, प्रत्येकाचे नियम वेगळे, ते वाचून पाठवायचं. नुसतं लिहिणारे असाल तर चित्रकार शोधून जोडी लावून पाठवायची गरज सहसा नसते, प्रकाशकच चित्रकार निवडतो. माधुरी पुरंदरे यांच्यासारखी दोन्ही करणारी माणसं थोडीच.

लिहिणाऱ्यांसाठी फुकटातला उपाय पण सांगून ठेवते. प्रथम बुक्स या मुलांच्या पुस्तकांच्या प्रकाशनसंस्थेने २०१५ मध्ये सुरू केलेलं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ. वाचनपातळीनुसार लावलेली पुस्तकं आहेत, मराठीतही भरपूर, खुल्या परवान्यात, आणि तिथल्या चित्रांवर तुम्ही तुमची स्वतःची गोष्ट लिहू शकता. चित्र काढता येत नाही म्हणून अडलेल्यांनी आधी महिनाभर तिथे हात साफ करावा, मग फीचा विचार करावा. तयार चित्रावर लिहिताना चित्रात आहे तेच परत लिहिण्याची सवय आपोआप सुटते, म्हणजे कोर्समधला तो खोडण्याचा व्यायाम जवळपास फुकटात.

लाईव्ह कॉल्सबद्दल मत अर्धंअर्धं. शिकवणाऱ्या बाईंची नजर जबरदस्त, माझ्या एका जोडपानावर त्यांनी फक्त कावळा डावीकडून उजवीकडे सरकवायला सांगितला, वाचणाऱ्याची नजर पान उलटायच्या दिशेने जावी म्हणून, आणि पान जिवंत झालं. पण ग्रुपमध्ये पापडाचं काय करायचं यावर चर्चा भरकटली. खाण्याची वस्तू छतावर उघड्यावर का ठेवलीय, हे आधी समजावून सांगा, एक माहितीचं पान टाका, आजीला कारण बोलू दे, असं चार जणांनी सुचवलं. मी काही टाकलं नाही. आपल्या पोरांना आजीने भाषण देऊन पापड समजावला तर ते पुस्तक तिथेच मिटतील. तिकडचा वाचक डोळ्यांसमोर धरलेल्या सूचना आणि चित्रपुस्तक म्हणून दिलेल्या सूचना या वेगवेगळ्या करता आल्या पाहिजेत, नाहीतर हळूहळू तुमची गच्ची पुसट होत जाते.

खरी परीक्षा म्हणाल तर घरी झाली. भाची आणि सोसायटीतली तिची गँग यांना डमी वाचून दाखवली. पहिल्या वेळी सगळे शांत. दुसऱ्यांदा वाचताना पान उलटायच्या आधीच ओरडा सुरू, ‘ए चिमे, मागे बघ, मागे!’ म्हणजे ती फट त्यांना सापडली. मग भाची म्हणाली, ‘आत्या, इथे सात पापड होते, आता नऊ कसे? कावळ्याने परत आणून दिले का?’ मोठ्यांपैकी एकानेही मोजले नव्हते. आता टेबलासमोर तक्ता आहे, कुठल्या पानावर किती पापड, किती कावळे, चिमीची चप्पल पायात की बाजूला. पात्र सगळ्या पानांवर सारखं दिसावं म्हणून चेहऱ्याचे सगळे कोन काढून ठेवायला कोर्समध्ये शिकवतात, ते कराच, पण पोरं चेहऱ्याआधी असल्या गोष्टी पकडतात.

तर घ्यावा का? चित्र येतं पण गोष्ट पानांत बसत नाही असं असेल तर घ्या, लिखाण आणि डमीच्या भागासाठी फी जड असली तरी चालेल. चित्रच शिकायचं असेल तर हा नको, जवळचा एखादा चित्रकलेचा क्लास लावा. ‘पुस्तक छापून देतील’ अशा आशेने तर अजिबात नको. नुसत्या व्हिडिओंचं स्वस्त पॅकेज असतं ते घेऊ नका, लाईव्ह कॉलवालंच घ्या, व्हिडिओंचा ॲक्सेस वर्षभरात संपतो म्हणून नोट्स हाताने काढा, आणि पहिल्या कॉलच्या आत डमी तयार ठेवा, कारण डमी नसली की ते लोक फक्त रंगांबद्दल बोलतात आणि तुमचा नंबर दहा मिनिटांत संपतो.