सोसायटीचं गेट ॲप: दोन स्टार, तेही वॉचमनकाकांसाठी

आमच्या सोसायटीत गेटवर एन्ट्री करायचं ॲप आलं त्याला आता आठ महिने झाले, म्हटलं लिहूनच टाकावं. नाव नाही घेत. चांगलं आधी सांगते, कुरिअरवाला आला की फोनवर कळतं, रजिस्टरमधलं ते गिचमिड अक्षर गेलं, आणि मेंटेनन्सही त्यातच भरता येतो.

पण कामाला येणाऱ्या मावशींचा फोटो, नंबर, कुठल्या कुठल्या घरी काम करतात, किती वाजता आत आल्या किती वाजता गेल्या हे अख्ख्या बिल्डिंगला दिसतं आणि वर त्यांना स्टार पण द्यायचे! मावशींना विचारलं का कोणी? त्यांच्याकडे तर साधा बटणांचा फोन आहे. आपल्याला मात्र कोणी स्टार देत नाही, पगार उशिरा दिला तरी 😅

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाच्या 9 न्यायमूर्तींनी 2017 मध्येच सांगितलंय, 2023 चा डेटा संरक्षण कायदा पण संमती घ्या म्हणतो, दंड 250 कोटींपर्यंत. हे मीटिंगमध्ये बोलले तर सेक्रेटरी म्हणाले "ताई, सिक्युरिटीसाठी आहे हो". बरं, मग डेटा किती दिवस ठेवता? माहीत नाही. डिलीट कसा करायचा? कस्टमर केअरला तीन मेल टाकले, तिन्हीला तेच ऑटोमॅटिक उत्तर, आणि दुसऱ्या दिवसापासून होम लोनच्या जाहिराती चालू.

स्टार द्यायचं बटण तेवढं कमिटीने बंद करून घेतलं, हेही नसे थोडके.