पोस्टग्रेस ९.६ वरून थेट १७: पीजी-अपग्रेडचा आमच्या जिनिंगमधला अनुभव

हिंगणघाटकडं एका जिनिंगमध्ये (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना) काट्यावरचा अन् हिशोबाचा कॉम्प्युटर मी पाहतो. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, काटापावती, भाव, शेतकऱ्याचं पेमेंट, सगळं पोस्टग्रेस ९.६ या डेटाबेसमध्ये होतं. ते व्हर्जन २०१६ चं, सपोर्ट नोव्हेंबर २०२१ मध्येच संपला, तवापासून एक सिक्युरिटी पॅच नाही, तरी बऱ्याच ठिकाणी तेच चालून राहिलं कारण लोक म्हणतात चालते ना भाऊ, मग काहून हात लावता. मला हे पटत नाही. शेतकऱ्याच्या पैशाचा हिशोब आहे तो, असा वाऱ्यावर कसा सोडायचा? म्हणून सीझन संपून काटा बंद झाल्यावर काम काढलं.

पीजी-अपग्रेड म्हणजे जुना डेटा नव्या व्हर्जनमध्ये नेणारं टूल, फुकट, पोस्टग्रेससोबतच येते. १०, ११, १२ असं पायरीपायरीनं जायची गरजच नाही, १७ चं टूल ९.२ पासूनचं पुढचं काहीही थेट उचलते.

सगळ्यात आवडलं ते त्याचं चेक. जुना सर्व्हर चालू ठेवूनही चालवता येते, डेटाला हात लावत नाही, अन् पुढं कुठं अडणार ते आधीच सांगते. आमचं सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं, काही टेबलं ओआयडीवाली (प्रत्येक ओळीला आपोआप लागणारा लपलेला नंबर), अन् तो प्रकार १२ पासून काढूनच टाकला आहे, तर चेकनं तिथंच थांबून त्या टेबलांची नावं फाईलमध्ये काढून दिली. प्रोग्राम कुठं ओआयडी वापरत नाही ना एवढं पाहून घेतलं, जुन्या सर्व्हरवरच ऑल्टर टेबल करून ते काढले, दुसऱ्यांदा चेक साफ.

लिंक मोड लय फास्ट आहे, फाईली कॉपीच होत नाहीत, पण नवा सर्व्हर एकदा सुरू केला की जुना वापरता येत नाही. आपल्याकडं उन्हाळ्यात लाइनीचा काही भरवसा नाही, त्यामुळं डिस्कवर जागा असेल तर साधा कॉपी मोडच घ्या, अन् त्याआधी पूर्ण डम्प (सगळ्या डेटाची काढलेली प्रत) दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून उघडून पाहा, नुसता काढून ठेवलेला बॅकअप म्हणजे बॅकअप नाही. मशीन किंवा ओएसच बदलत असाल तर डम्प-रिस्टोरच बरा, इंडेक्स नव्यानं बनतात अन् ओएसनुसार बदलणाऱ्या अक्षरांच्या क्रमाची भानगड राहत नाही.

अर्धा स्टार कापला तो स्टॅटिस्टिक्ससाठी, म्हणजे टेबलात काय किती आहे याचा अंदाज, ज्यावरून सर्व्हर माहिती शोधायचा रस्ता ठरवते. १७ पर्यंत ते सोबत येत नाहीत, व्हॅक्यूमडीबी या सोबतच्या टूलनं अ‍ॅनालाइझ चालवावं लागते. नाही चालवलं तर खातेउतारा काढायला एवढा वेळ लागते की मुनीमजी म्हणतील जुनंच बरं होतं, अन् दोष जाते नव्या व्हर्जनवर. १८ मध्ये बहुतेक स्टॅटिस्टिक्स सोबत येतात.

पासवर्डचंही ध्यानात ठेवा. १४ पासून पासवर्ड साठवायची डिफॉल्ट पद्धत स्क्रॅम आहे, आधी एमडी५ होती; जुने एमडी५ पासवर्ड जसेच्या तसे येतात, अन् कोणी कसं लॉगिन करायचं ते ठरवणाऱ्या एचबीए फाईलमध्ये स्क्रॅम लिहिलं असलं तर लॉगिनच होत नाही. आधी तिथं एमडी५ ठेवा, काट्यावरच्या कॉम्प्युटरचा ड्रायव्हर नवा करा, मग पासवर्ड नव्यानं टाका.

५ पैकी साडेचार. १७ ला नोव्हेंबर २०२९ पर्यंत सपोर्ट आहे. ज्यांच्याकडं अजून ९.६ आहे त्यांनी कापूस यायच्या आत करून घ्या, दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागली की काटा एक तासही बंद ठेवता येत नाही.