व्हिएन्नाचा म्हणून विकलेला गॅसदिवा

जुन्या दिव्यांची हौस असणाऱ्यांसाठी हा अनुभव सविस्तर लिहीत आहे, कारण ज्या रीतीने मला दिवा विकण्यात आला ती रीत एकट्या माझ्यासाठी योजलेली नव्हती, हे पुढे स्पष्ट झाले. मुंबईतील जुन्या वस्तूंच्या एका विक्रेत्याने ‘व्हिएन्ना येथे १८८६ साली बनलेला, मँटलवर चालणारा अगदी सुरुवातीचा गॅसचा दिवा’ असे सांगून एक पितळी टेबलदिवा मला ६८,००० रुपयांना दिला. खाली गोल पोट, त्यावर नक्षीचा खांब, वर बर्नर, बर्नरवर पांढरी जाळी (हाच मँटल; ज्योतीत तापून ती उजेड देते) आणि भोवती उंच काच, असे त्याचे रूप होते. पोटावर रोमन लिपीत व्हिएन्नाचे नाव आणि साल कोरलेली छोटी पट्टी बसवलेली होती. हा दिवा मलबार हिलवरच्या एका बंगल्यातून आला असून बंगला पाडताना माळ्यावर सापडला, अशी हकीकतही सोबत होती.

या हकीकतीत खऱ्याचा अंश पुरेसा होता, आणि फसवणुकीची खरी ताकद त्यातच होती. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ साली गॅसचे दिवे लागले; दिवाबत्ती करणारी माणसे एकेक खांब पेटवत पुढे जात आणि त्यांच्यामागून बघ्यांची गर्दी चाले, असे वर्णन आढळते. त्यामुळे पुढे वीस वर्षांनी एखाद्या सधन घरात दगडी कोळशाच्या गॅसची नळी असणे मुळीच अशक्य नव्हते. कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने मँटलचे पेटंट १८८५ साली घेतले, हेही खरे. विक्रेत्याला या दोन्ही गोष्टी तोंडपाठ होत्या. त्या पेटंटनंतर पुढे काय घडले, एवढेच तो सांगत नव्हता.

पसंती होण्यासाठी त्याने जे प्रात्यक्षिक केले, ते मोठ्या बेताचे होते. दुकान बंद करण्याच्या वेळेस त्याने आतले दिवे मालवले, टेबलाखाली ठेवलेल्या लहान सिलिंडरची चावी सोडली आणि काडी लावली. क्षणभर निळसर ज्योत फरफरली, मग जाळी तापली आणि लखलखीत पांढरा उजेड पडला. ‘जुना गॅस आता मिळत नाही, म्हणून सिलिंडर लावावा लागतो,’ हे त्याचे म्हणणे रास्त होते. त्यानंतर त्याने खणातून एक गायगर काउंटर, म्हणजे थोरियमसारख्या किरणोत्सर्गी धातूजवळ टकटक करणारे यंत्र, काढून जाळीजवळ धरला. यंत्र टकटक करू लागताच तो म्हणाला, ‘ऐकलंत ना काका? थोरियम आहे. असली माल असल्याशिवाय हे यंत्र बोलत नाही.’ बर्नर उघडून पाहण्याची इच्छा मी व्यक्त केली, तेव्हा त्याने हात जोडले. ‘एकदा जळलेली जाळी आहे, नुसता धक्का लागला तरी राख होईल. मग तुम्ही मला बोल लावाल.’

जाळीच्या नाजूकपणाचे हे वाक्य खरेच होते. मँटल बनवण्याची कृती माहीत असेल तर ते लगेच पटते. सुती धाग्याचा विणलेला मोजा विशिष्ट धातूंच्या क्षारांच्या द्रावणात भिजवतात, वाळवतात आणि पेटवतात. सूत जळून जाते आणि त्या धातूंच्या ऑक्साइडांचा सांगाडा मात्र विणीचा आकार धरून राहतो. व्हिएन्नात दुर्मीळ मृदांचा (लँथॅनम, इट्रियम अशा धातूंच्या ऑक्साइडांचा) अभ्यास करताना आउअरच्या लक्षात नेमके हेच आले होते. असा सांगाडा म्हणजे आकार टिकून राहिलेली विभूतीच. ती बोटाने दाबून पाहता येत नाही. कारखान्यातून निघालेले जळके मँटल वाटेत मोडू नयेत म्हणून त्यांच्यावर कोलोडियन या वाळल्यावर पापुद्रा धरणाऱ्या चिकट द्रावणाचा पातळ लेप देत, आणि घरी पहिल्यांदा दिवा लावताना तो लेप जळून जाई. म्हणजे नाजूकपणाचे कारण खोटे नव्हते. तपासणी टाळण्यासाठी ते ढालीसारखे पुढे केले गेले, एवढेच.

पुण्याला आणेपर्यंत जाळीचे व्हायचे ते झाले, त्यामुळे बर्नर उघडायला आता कोणाची आडकाठी उरली नव्हती. त्यानंतर जे दिसले ते समजण्यासाठी गॅसच्या मँटल दिव्याची रचना थोडी तपशिलाने सांगणे आवश्यक आहे.

मँटलच्या आधीचे गॅसदिवे उघड्या ज्योतीचे होते. माशाच्या शेपटीसारखी किंवा पंखासारखी पसरट ज्योत काढणारे बर्नर असत आणि ज्योतीतले कोळशाचे सूक्ष्म कण तापून पिवळा उजेड पडे. मँटल दिव्याचे तत्त्व याच्या उलट आहे. त्यात बुन्सेन पद्धतीने गॅसमध्ये आधीच हवा मिसळून जवळजवळ प्रकाशहीन पण अतिशय तप्त ज्योत करतात, आणि उजेडाचे काम जाळीवर सोपवतात. यासाठी लागणारा मार्ग ठरलेला आहे. खांबावरच्या तोटीतून आलेला गॅस बारीक छिद्रे असलेल्या टोपीतून वेगाने वर उडतो, बाजूच्या भोकांतून हवा ओढून घेतो, उभ्या नळीत तिच्याशी मिसळतो आणि बर्नरच्या तोंडावरच्या तारेच्या जाळीतून बाहेर येऊन पेटतो. ज्योत उलटी फिरून नळीत शिरू नये म्हणून ही तारेची जाळी असते. मँटल या तोंडाभोवती वरून टांगलेला असतो: त्याच्या शेंड्याला ॲस्बेस्टॉसच्या दोऱ्याचा फासा असतो आणि तो फासा मधल्या किंवा बाजूच्या उभ्या दांडीवर अडकवतात. मँटलचे खालचे तोंड उघडे राहते. सुरुवातीचे सगळे दिवे असेच उभे होते. खाली तोंड केलेले बर्नर १९०० नंतर रूढ झाले.

माझ्या दिव्यात यांतले जवळपास काहीच नव्हते. जाळी वरून टांगलेली नव्हती, तर बर्नरच्या मानेला खालून दोऱ्याने बांधलेली होती. दोऱ्याने बांधायचा, न जाळलेला मऊ मँटल पुढच्या काळातला आहे आणि तो आजही बाजारात मिळतो. आधाराची दांडी नव्हती, आणि ती पूर्वी असून नंतर मोडली असावी असे सुचवणारे भोक किंवा डाख नव्हता. बर्नर काढल्यावर आत एकाच छिद्राची पितळी जेट निघाली, आणि ते छिद्र इतके बारीक होते की घरातली सर्वांत नाजूक सुई त्यात शिरेना. कोळशाच्या गॅसपेक्षा सिलिंडरच्या गॅसमध्ये तेवढ्याच आकारमानात कितीतरी पट उष्णता असते आणि तो येतोही जास्त दाबाने, म्हणून त्याची जेट बारीक लागते. कोळशाच्या गॅसला एवढे छिद्र म्हणजे उपासमारच. दिवेदुरुस्तीचे काम वर्षानुवर्षे केलेल्या एका कारागिरांना मी तो बर्नर दाखवला. त्यांनी तो हातात फिरवला आणि भाजीच्या हातगाड्यांवर, लोडशेडिंगच्या दिवसांत घराघरांत, लहान सिलिंडरवर जे दिवे लागत त्यांतलाच हा असल्याचे सांगितले. वरचे निकेल घासून काढून पितळेला कसल्याशा द्रावणाने काळपट केले होते. आट्यांच्या आतल्या बाजूस निकेलची चमक शिल्लक होती.

खालच्या पोटाने तर सगळेच उघड केले. गॅसच्या टेबलदिव्याला साठवणाची गरज नसते. भिंतीवरच्या नळाला जोडलेली लवचीक नळी त्याच्या पायाशी येते. विक्रेत्याने मात्र ‘यात गॅस साठवायचे’ असे सांगितले होते. उभा मँटल बर्नर तासाला साधारण ३ ते ४ घनफूट गॅस घेतो, म्हणजे १०० लिटरच्या आसपास. शहराच्या नळातला गॅस वातावरणापेक्षा किंचितच अधिक दाबाचा असे. माझ्या दिव्याच्या पोटात फार तर दीड लिटर मावते. असा दिवा एक मिनिटही जळला नसता. ते पोट रॉकेलचे होते. तेल ओतण्याचे भोक पत्र्याची चकती डाखून बुजवले होते, आणि व्हिएन्नाची पट्टी बरोबर त्या चकतीवर बसवली होती. पट्टीचे स्क्रू चौफुलीच्या खाचेचे होते. असे स्क्रू १९३०च्या दशकात प्रचारात आले, त्यामुळे १८८६ सालाचे काय करायचे ते वाचकांनीच ठरवावे.

आता राहिला गायगर काउंटर. याविषयी थोडे जास्त लिहितो, कारण शिकलेल्या माणसाला हाच पुरावा सर्वांत भरवशाचा वाटतो. आउअरच्या पहिल्या मँटलमध्ये थोरियम नव्हतेच. त्यात ६० टक्के मॅग्नेशियम ऑक्साइड आणि प्रत्येकी २० टक्के लँथॅनम व इट्रियमची ऑक्साइडे होती. त्याचा उजेड हिरवट पडे, जाळी लवकर मोडे, आणि व्हिएन्नाजवळ आट्झगर्सडॉर्फ येथे १८८७ साली काढलेला त्याचा कारखाना १८८९ साली बंद पडला. ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे यशस्वी मिश्रण १८९१ सालचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हिएन्नातील एका कॅफेबाहेर त्याचा पांढरा उजेड लोकांनी पाहिला. म्हणजे १८८६ सालच्या मँटलजवळ गायगर काउंटर धरला तर टकटक व्हायला नको. यंत्र बोलले याचा अर्थ एवढाच, की जाळी त्या सालची नव्हती. शिवाय जाळी ही वारंवार बदलण्याची वस्तू आहे. तिच्या वयावरून दिव्याचे वय निघत नाही. आपल्या दक्षिण किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत थोरियम असल्यामुळे भारतीय बनावटीच्या मँटलांतही ते अगदी अलीकडेपर्यंत वापरले गेले आहे. ज्या यंत्राच्या आवाजावर मी ६८,००० रुपये मोजले, ते यंत्र हार्डवेअरच्या दुकानातल्या स्वस्त मँटलसमोरही तितक्याच निष्ठेने वाजले असते. पांढऱ्या उजेडाचेही तेच. तो उजेडच १८८६ सालाच्या विरुद्ध साक्ष देत होता.

सर्व छायाचित्रे जोडून मी विक्रेत्याला पत्र लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते: बिल पाहावे. बिलावर ‘पितळी सजावटीचा दिवा, जुना, १ नग’ असे लिहिले होते. साल, शहर, गॅस, मँटल यांपैकी एक शब्द त्यावर नव्हता, आणि खाली ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. या मोघमपणामागे आणखी एक सोय दिसते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू कायद्याने पुरावस्तू ठरू शकते आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करायला परवाना लागतो. तोंडाने १८८६ म्हणायचे आणि कागदावर ‘सजावटीचा दिवा’ लिहायचे, यात त्याचा दोन्हीकडून बचाव होतो.

तरीही तो पुरता सुटला नाही, कारण सौदा ठरण्याआधी त्याने मोबाइलवर पाठवलेल्या संदेशांत ‘१८८६, व्हिएन्ना, ओरिजिनल’ हे शब्द होते. ते संदेश, पैसे भरल्याची नोंद, बिल आणि बर्नर सुटा केल्याची छायाचित्रे घेऊन मी जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार तयार केली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार दाखल करू शकतो, विक्रेता परगावचा असला तरी अडत नाही. रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही, आणि मुदत दोन वर्षांची असते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही उपयोगी पडतो. तक्रारीची प्रत हाती पडल्यावर विक्रेत्याने ४५,००० रुपये परत केले आणि दिवा माझ्याकडेच राहू दिला. उरलेल्या रकमेसाठी तक्रार चालू ठेवली आहे.

असा दिवा घेऊ इच्छिणाऱ्यांनी विक्रेत्याकडे बर्नर खालून, जाळी उतरवलेल्या स्थितीत पाहू देण्याचा आग्रह धरावा. जाळी मोडली तर नवीन मँटलचे पैसे देऊ, असे आधीच सांगावे. ते पैसे किरकोळ असतात आणि खरा विक्रेता त्याला नाही म्हणत नाही. मँटल शेंड्याला टांगलेला आहे की मानेला बांधलेला, हे तर नुसत्या छायाचित्रातही ओळखता येते. बिलावर साल आणि गावाचे नाव लिहून मागावे. लिहून देण्यास टाळाटाळ झाली, तर पुढचे काही तपासण्याची गरजच राहत नाही.

माझ्या पत्राचा एक परिणाम मात्र मला अपेक्षित नव्हता. त्याच विक्रेत्याने अलीकडे दुसऱ्या एका दिव्याची छायाचित्रे ओळखीच्या एका संग्राहकांना पाठवली आहेत. यातल्या पट्टीवर १८९२ साल आहे, आणि थोरियमचा उल्लेख आता सालाशी नीट जुळतो. पोट तेच, मानेला बांधलेली जाळी तीच. पट्टीचे स्क्रू बदलून सरळ खाचेचे लावले आहेत.