पश्चिमेची खिडकी आणि बाहेरचा पडदा: आठ महिन्यांनंतर

पाथर्डी फाट्याजवळ आमचा तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. बेडरूमची खिडकी सरळ पश्चिमेला. वर छज्जा आहे, पण तो डोक्यावरच्या उन्हापुरता. २० मेच्या आसपास नाशकात भर दुपारी सूर्य अगदी माथ्यावर येतो, तेव्हा तो छज्जा चोख काम करतो. अडीचनंतर मात्र ऊन तिरपं होऊन त्याच्या खालून आत शिरतं आणि थेट पलंगावर येऊन बसतं, ते दिवस मावळेपर्यंत.

आधी आतून जाड अस्तराचे पडदे लावून पाहिले. अंधार झाला, उकाडा होता तेवढाच. चार वाजता पडद्याला हात लावला तर चटका बसायचा. काचेतून ऊन एकदा आत आलं की पडदा तापतो आणि ती धग खोलीतच राहते. सासूबाई जुन्या नाशकातल्या वाड्यात वाढलेल्या. त्या म्हणाल्या, "वाळ्याची ताटी आम्ही बाहेरून लावायचो गं, आतून कोण लावतं?"

म्हणून फेब्रुवारीअखेर बाहेरून रोलर पडदा बसवला. पीव्हीसीचा थर दिलेलं जाळीदार पॉलिएस्टर, खाली जड पट्टी, गुंडाळायला हँडल. सहा बाय साडेचार फुटांचे फिटिंगसकट साडेनऊ हजार गेले. रंग मी पांढरा घेणार होते, पण दुकानात दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहिले. पांढऱ्यातून नुसती चमक दिसते, कॉफी रंगातून बाहेरचं झाड दिसतं. कॉफीच घेतला. गडद कापड जास्त तापतं हे खरं, पण ते काचेच्या बाहेर तापतं आणि मधल्या फटीतून गरम हवा वर निघून जाते. फक्त रात्री दिवा लावला की उलटा प्रकार होतो, बाहेरच्याला आतलं दिसतं. त्यामुळे आतला पडदा काढून टाकता येत नाही.

खरी गोष्ट फिटिंगची. आमची बाहेरची भिंत सिपोरेक्सची, म्हणजे आत बारीक छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या ठोकळ्यांची. मिस्त्रीने तिच्यात साधी प्लास्टिकची गिट्टी ठोकून ब्रॅकेट लावले. "वहिनी, माणूस लटकला तरी निघणार नाही." पंधरा दिवसांत डावं ब्रॅकेट बोटाने हलायला लागलं. दुकानदाराचं उत्तर एकच, "भिंतच पोकळ, आम्ही काय करणार?" दुसरा माणूस आणला. त्याने भिंतीला हातच लावला नाही. छज्ज्याच्या काँक्रीटला खालच्या बाजूने लोखंडी फास्टनर मारून ब्रॅकेट टांगले आणि भिंतीतली जुनी भोकं सिलिकॉनने बुजवली. ती तशीच राहिली असती तर पावसाळ्यात आत ओल आली असती. ग्रिलच्या दारातून बाहेर जाताना कमरेला दोरी बांधायला मात्र मीच लावली. बुवा तसाच निघाला होता.

उन्हाळ्यात फरक चांगला जाणवला. कपाटावरच्या साध्या तापमापकात संध्याकाळी पाचला आधी ३७ दिसायचे, आता ३३-३४. एसी सहाऐवजी नऊला लागतो, कधी लागतही नाही. पण एक शिस्त पाळावी लागते: दुपारी एकला पडदा खाली, सूर्य मावळला की लगेच वर. नाशकात संध्याकाळी गार वारा सुटतो, तो अडवून बसलात तर काय उपयोग? आणि वर करायला काच सरकवा, जाळी सरकवा, मग हँडलचा आकडा ग्रिलमधून त्या इवल्याशा कडीत अडकवा. सुईत दोरा ओवण्यासारखं काम. तेवढ्यात डास आत.

मे महिन्यात एकदा आम्ही बाहेर असताना वळीव आला. पडदा खालीच होता. खालची पट्टी ग्रिलवर अशी धाडधाड आपटली की समोरच्या काकांनी फोन केला, "तुमची खिडकी फुटतेय बहुतेक." खिडकी वाचली, पट्टी एका टोकाला वाकली. नंतर दोन्ही बाजूंनी स्टीलच्या तारा ओढून घेतल्या, आता पडदा तारेवरूनच सरकतो. हे पहिल्याच दिवशी मागायला हवं होतं. तरी जोराचा वारा असला की वर घेऊनच बाहेर पडते.

पावसाळ्यात ओला पडदा दोन-तीनदा तसाच गुंडाळला गेला. कडेला काळे ठिपके आलेत, साबणाच्या पाण्याने थोडे गेले, थोडे राहिले. रोलरवर पेटीचं झाकण घेतलं नव्हतं, पैसे वाचवले. तिथे कबुतरांनी काड्या आणल्या.

आता हॉलच्या दक्षिणेकडच्या खिडकीलाही लावू या, असं ह्यांचं चाललंय. मी हो म्हटलेलं नाही. उन्हाळ्यात तिथलं ऊन छज्जाच अडवतो, आणि डिसेंबरात सासूबाई खुर्ची ओढून तिथेच उन्हात बसतात.