पायमॉर: मॉडेल लहान करणारी फुकट लायब्ररी कोणी घ्यावी, कोणी नको

पायमॉर ही पायथनमधली लायब्ररी मोठ्या गणिती मॉडेलचे छोटे रूप तयार करते. हजारो-लाखो अज्ञातांचे उष्णतेचे किंवा नियंत्रणाचे मॉडेल वीस-तीस अज्ञातांवर आणायचे आणि हवे ते उत्तर डोळ्याचे पाते लवायच्या आत मिळवायचे, एवढेच तिचे काम. तिची सुरुवात जर्मनीतल्या म्युन्स्टर विद्यापीठात झाली. परवाना बीएसडीचा आहे, त्यामुळे कंपनीच्या बंद सॉफ्टवेअरमध्ये वापरायलाही आडकाठी नाही. निकाल आधीच सांगतो: मॉडेल रेषीय असेल आणि त्याची मॅट्रिक्स तुमच्या हातात येत असतील, तर फुकटात याहून चांगले क्वचितच मिळेल. मॉडेल अरेषीय असेल आणि ते एखाद्या व्यापारी सॉल्व्हरच्या (समीकरणे सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) पोटात बंद असेल, तर पायमॉर तुमच्या फारशी कामाला येणार नाही.

बसवायला पायथनचे पिप चालते, पण कोंडा-फोर्ज या पॅकेज-भांडारावरून घेणे शहाणपणाचे. एच-इन्फिनिटी नॉर्म, म्हणजे सगळ्या वारंवारतांवरचे सर्वात मोठे प्रवर्धन, काढायला स्लायकॉट ही दुसरी लायब्ररी लागते. तिच्या पोटात फोर्ट्रान आहे, आणि कंपायलर नसलेल्या विंडोज संगणकावर पिपचा प्रयत्न तिथेच अडतो. कोंडा तयार बांधलेले पॅकेज देते, म्हणून तो वैताग टळतो.

तपासायला उदाहरण घ्यावे ते रेल्वेच्या रुळाचे. रोलिंग मिलमधून बाहेर पडलेला लाल रूळ थंड करतानाचे त्याच्या छेदातले तापमान, हा या क्षेत्रातला ठरलेला नमुना-प्रश्न आहे. त्यात सात इनपुट, सहा आउटपुट असतात आणि जाळी बारीक करत नेली की अज्ञात १,३५७, ५,१७७, २०,२०९ आणि ७९,८४१ असे वाढतात. डेटा मॅटलॅबच्या मॅट फाइलमध्ये मिळतो. एलटीआय-मॉडेल (काळानुसार न बदलणारे रेषीय मॉडेल) या वर्गाला ए (आतली घडण), बी (इनपुट), सी (आउटपुट) आणि ई (उष्णतेची साठवण) ही मॅट्रिक्स दिली की पूर्ण मॉडेल तयार. पुढे बीटी-रिडक्टर, म्हणजे संतुलित छाटणी (इनपुट-आउटपुटच्या दृष्टीने नगण्य स्थिती टाकून देण्याची पद्धत), बोलवायचा आणि किती अज्ञात ठेवायचे तो आकडा द्यायचा. सगळा कोड दहा ओळींच्या आत बसतो.

या दहा ओळींमागे काय चालते ते कळले नाही तर मोठ्या मॉडेलवर फसगत ठरलेली. संतुलित छाटणीला दोन ग्रॅमियन (कोणती स्थिती इनपुटने किती हलते आणि आउटपुटमध्ये किती दिसते हे मोजणारी मॅट्रिक्स) लागतात, आणि ते लियापुनोव्ह नावाची मॅट्रिक्स-समीकरणे सोडवून मिळतात. घन मॅट्रिक्स (सगळ्या नोंदी भरलेले) म्हणून साठवायचे तर २०,२०९ अज्ञातांचा एक ग्रॅमियन ३.३ जीबी खातो, ७९,८४१ चा ५१ जीबी. शिवाय सोडवण्याचा खर्च अज्ञातांच्या तिसऱ्या घाताने वाढतो. म्हणून विरळ मॅट्रिक्सचे (बहुतेक नोंदी शून्य असलेले) मॉडेल हजारापलीकडे गेले की पायमॉर आपणहून एडीआय या पायरीपायरीने उत्तराजवळ जाणाऱ्या पद्धतीकडे वळते. ही पद्धत ग्रॅमियनचा फक्त उंच, अरुंद घटक काढते. तिच्या प्रत्येक पायरीत एक विरळ समीकरणसंच सुटतो आणि त्याला बी मॅट्रिक्सला जितके स्तंभ तितक्या उजव्या बाजू असतात. रुळाला सात आहेत, काही त्रास नाही. बॅटरी पॅकमधल्या प्रत्येक सेलची उष्णता वेगळे इनपुट धरून चारशे स्तंभ केलेत, तर घटक फुगत जातो, मेमरी संपते आणि दोष लायब्ररीला लागतो. एकसारखे तापणारे सेल आधी गटात बांधा, म्हणजे स्तंभ आपोआप कमी होतील.

एडीआय ५०० पायऱ्यांनंतर थांबते आणि तोवर अपेक्षित अचूकता आली नसेल तर इशारा देते. तो इशारा वाचा! बऱ्याचदा कारण असे असते की मॉडेलमध्ये प्रवाहाबरोबर वाहणारी उष्णता आहे, मॅट्रिक्स सममित राहिलेले नाही आणि प्रत्येक पायरीसाठी आपोआप निवडलेले शिफ्ट नावाचे आकडे बिघडले आहेत. शिफ्ट निवडण्याची दुसरी पद्धत पर्यायांत दिलेली आहे, आधी ती लावून पाहा.

आता या लायब्ररीतली खरी किमतीची गोष्ट. संतुलित छाटणीत हँकेल सिंग्युलर मूल्ये, म्हणजे प्रत्येक स्थितीचे महत्त्व सांगणारे आकडे, मिळतात. टाकून दिलेल्या मूल्यांच्या बेरजेच्या दुप्पट एवढीच छोट्या मॉडेलची चूक असू शकते, त्याहून जास्त नाही. ही मर्यादा १९८४ पासून सिद्ध आहे. पायमॉर ती एका ओळीत देते. त्यापुढे जाऊन पूर्ण मॉडेल वजा छोटे मॉडेल अशी सरळ वजाबाकी लिहिता येते. उत्तर म्हणून चूक किती ते दाखवणारे एक मॉडेल मिळते, त्याचा नॉर्म काढा, नाहीतर वारंवारतेनुसार आलेख काढा. बाजारातली अनेक साधने छोटे मॉडेल हातात ठेवतात आणि विश्वास ठेवा म्हणतात. इथे मोजून घेता येते.

पण या मर्यादेला तीन अटी चिकटलेल्या आहेत आणि ट्युटोरियल उरकून थेट कामाला लागणारा त्या हमखास विसरतो. एडीआयने ग्रॅमियन अर्धवट काढलेला असतो, त्यामुळे हँकेल मूल्यांची शेपटी मोजलीच जात नाही. मोठ्या मॉडेलवर मिळणारा आकडा म्हणजे चांगला अंदाज, हमी नव्हे. दुसरी अट, सुरुवातीची स्थिती शून्य हवी. रूळ शून्यावरून सुरू होत नाही, तो धगधगता असतो. सगळीकडे तापमान एकच असेल तर तेवढे वजा करून फरकावर मॉडेल मांडा आणि भोवतालचे तापमान इनपुटमध्ये घ्या. तापमान जागोजागी वेगळे असेल तर सुरुवातीच्या स्थितीचा व्हेक्टर बी मॅट्रिक्सला जादा स्तंभ म्हणून जोडून छाटणी करा. तिसरी अट अशी की हमी फक्त सी मॅट्रिक्समध्ये लिहिलेल्या आउटपुटची असते. छाटणी झाल्यावर कोणी भलत्याच कोपऱ्यातले तापमान मागितले, तर छोट्या मॉडेलचे उत्तर दिसायला सुबक असेल, पण त्याची जबाबदारी कोणी घेतलेली नाही. तो बिंदू सी मध्ये घालून पुन्हा छाटणी करा.

उष्णतेच्या लोकांसाठी आणखी एक. संतुलित छाटणी स्थिर अवस्थेतले उत्तर तंतोतंत जुळवत नाही. तासाभराने तापमान कुठे स्थिरावते हेच तुमच्या ग्राहकाला हवे असेल, तर पूर्ण आणि छोट्या मॉडेलचा शून्य वारंवारतेवरचा गेन (स्थिर इनपुटला शेवटी मिळणारे आउटपुट) ताडून पाहा. फरक खुपत असेल तर शून्य हा बिंदू धरून इंटरपोलेशनवर (निवडलेल्या बिंदूंवर उत्तर तंतोतंत जुळवण्यावर) चालणारा रिडक्टर वापरा, तोही आत आहे. इर्का ही त्याच कुळातली पद्धत बिंदू स्वतः शोधते. वीस अज्ञात हवे असतील तर तिच्या प्रत्येक फेरीत सुमारे चाळीस विरळ समीकरणसंच सुटतात, आणि छोटे मॉडेल स्थिरच (उत्तर अनंताकडे न पळणारे) निघेल याची खात्री नसते. छोट्या मॉडेलचे ध्रुव (आयगेनमूल्ये; त्यांचा वास्तव भाग ऋण हवा) छापून पाहायची सवय लावा. रुळासारखे मॉडेल सममित असेल तर एकतर्फी इर्का घ्यावी, तिथे स्थिरता टिकते.

काही मॉडेल या यंत्रात घालूच नयेत. चारही बाजूंनी उष्णतारोधक असलेल्या मॉडेलला शून्य आयगेनमूल्य असते, लियापुनोव्ह समीकरणाला तिथे उत्तरच नसते. कुठेतरी थोडे वातवहन द्या, मग पुढे जा. डॅम्पिंग नसलेल्या कंपनाच्या मॉडेलचीही तीच गत. द्वितीय कोटीच्या मॉडेलसाठी वेगळे रिडक्टर आहेत, पण वाहनाच्या चॅसिसचे कंपन हवे असेल तर मॉडेल लहान करण्याची १९६८ ची क्रेग-बॅम्प्टन पद्धत तुमच्या एफईए (फायनाइट एलिमेंट) पॅकेजमध्ये बहुधा आधीच आहे. त्यासाठी पायथनकडे यायचे कारण नाही.

मॅट्रिक्स बाहेर काढणे हा सगळ्यात वेळखाऊ भाग, आणि व्यापारी पॅकेज असेल तर त्यात पायमॉर काहीच मदत करत नाही. फेनिक्स, एनजीसॉल्व्ह, डील-टू ही मुक्त सॉल्व्हर वापरणाऱ्यांना जोडणी मिळते. अँसिसवाल्यांनी एचबीमॅट आज्ञा किंवा एपीडीएल मॅथ वापरावे, अबॅकसवाल्यांनी मॅट्रिक्स जनरेट. सममित मॅट्रिक्सचा अनेकदा अर्धाच त्रिकोण फाइलमध्ये येतो. तो उलटवून जोडताना कर्ण दुप्पट होतो आणि तापमान अर्धवट बरोबर, अर्धवट चूक दिसते. सॉल्व्हरचा अंतर्गत नोड क्रमांक आणि तुमचा नोड क्रमांक वेगळे असतात, जुळणीची यादी सोबत काढा. स्थिर टोकांच्या जागी कर्णावर अवाढव्य आकडे असतील तर त्या ओळी आणि स्तंभ आधी काढून टाका, नाहीतर एडीआयचे शिफ्ट त्या बनावट ध्रुवांच्या मागे धावतात. हे सगळे नीट झाले की नाही याची पहिली परीक्षा: छाटणी करण्याआधी, पूर्ण मॅट्रिक्सवरच एक स्थिर गणना करा आणि मूळ सॉफ्टवेअरच्या उत्तराशी ताडा.

पॅरामीटर बदलणाऱ्या मॉडेलसाठी लायब्ररी खरोखर छान आहे. वातवहनाचा गुणांक बदलता हवा असेल तर मॅट्रिक्स दोनदा काढा, गुणांक ० ठेवून आणि १ ठेवून. दोन्हींची वजाबाकी हा गुणांकाबरोबर बदलणारा भाग. तिसऱ्या कुठल्याही किमतीला बेरीज मूळ मॅट्रिक्सशी जुळते का पाहा आणि मग दोन्ही भाग रेषीय बेरजेच्या ऑपरेटरमध्ये द्या. स्थिर अवस्थेच्या अशा प्रश्नांसाठी रिड्यूस्ड बेसिसचा रिडक्टर चूक किती असेल याचा अंदाजही सोबत देतो, तोही पूर्ण मॉडेल पुन्हा न सोडवता.

अरेषीय बाजू मात्र लंगडी आहे, आणि हा दोष पुरता पायमॉरचा नाही. उष्णतेच्या प्रारणात तापमानाचा चौथा घात येतो. पीओडीने, म्हणजे साठवलेल्या उत्तरांतून (स्नॅपशॉटमधून) मोजके आकार निवडून, अज्ञात वीस केले तरी तो चौथा घात प्रत्येक नोडवर काढावाच लागतो, मग वेग वाढणार कुठून? उपाय म्हणजे डीईआयएम, म्हणजे निवडक नोडवरच अरेषीय भाग काढणे. त्यासाठी सॉल्व्हरने एवढ्याच नोडवरची किंमत द्यायला हवी. पायमॉरचा स्वतःचा सोपा डिस्क्रिटायझर (समीकरणे जाळीवर मांडणारा भाग) ते करतो, व्यापारी पॅकेज सहसा करू देत नाही. पीओडीच करायची असेल तर सहनशीलता १०⁻⁷ च्या खाली ओढू नका. डीफॉल्ट पद्धत आतल्या गुणाकारांचे मॅट्रिक्स बनवते, त्यात सिंग्युलर मूल्यांचा वर्ग होतो, आणि १०⁻⁸ च्या आसपास राउंडिंगचा गोंधळच उरतो. त्याहून बारीक हवे असेल तर क्यूआर-एसव्हीडीचा पर्याय निवडा. स्नॅपशॉट मेमरीत मावत नसतील तर तुकड्यातुकड्याने पीओडी करणारी एचएपीओडी आहे.

वेगाच्या जाहिराती वाचताना हिशेब पुरा करा. समजा पूर्ण गणनेला ४० मिनिटे लागतात, छाटणीला २ तास आणि छोट्या मॉडेलला २ सेकंद. पहिल्या तीन वापरांपर्यंत तुम्ही तोट्यात आहात. एकदाच चालवायच्या गणनेसाठी हा खटाटोप करू नये. नियंत्रक जुळवायला किंवा डिजिटल ट्विनला (यंत्राच्या संगणकातल्या प्रतिकृतीला) हजारो फेऱ्या लागतात, तिथे करावाच. छोटे मॉडेल घन असते हेही ध्यानात असू द्या. ७९,८४१ अज्ञातांच्या रुळाच्या ए मॅट्रिक्समध्ये शून्येतर नोंदी सुमारे साडेपाच लाख आहेत. छोट्या मॉडेलचे अज्ञात साडेसातशेच्या घरात गेले की त्याच्या नोंदीही तितक्याच होतात. इतके अज्ञात लागत असतील तर पद्धत चुकते आहे किंवा इनपुट फार आहेत.

दस्तऐवजीकरण स्वच्छ आहे, पण गणितज्ञांसाठी लिहिलेले. व्हेक्टरअॅरे, ऑपरेटर, मॉडेल या तीन कल्पना पचल्याशिवाय चूकसंदेश कळत नाहीत. मॅटलॅब कंट्रोल सिस्टिम टूलबॉक्ससह आधीच विकत घेतलेले असेल आणि मॉडेल शे-पाचशे अज्ञातांचे असेल, तर तिथली बॅलरेड आज्ञा पुरेशी आहे, पायमॉर शिकण्यात वेळ घालवू नका. आवृत्त्यांबाबत सावध राहा: नमपाय अॅरेत व्हेक्टर ओळीत मांडायचे की स्तंभात, हा संकेतच वेगवेगळ्या आवृत्त्यांत वेगळा आहे, आणि जुना कोड काही वेळा चूक न दाखवता उलटी मॅट्रिक्स पुढे ढकलतो. आवृत्तीचा क्रमांक प्रकल्पात बांधून ठेवा. छोटे मॉडेल पायथनच्या पिकल स्वरूपात साठवू नका, पुढच्या आवृत्तीत ते उघडेलच असे नाही. मॅट फाइलमध्ये नुसती मॅट्रिक्स लिहा, म्हणजे सिम्युलिंकमध्ये किंवा नियंत्रकाच्या सी भाषेतल्या कोडमध्ये ती पायमॉरशिवायही चालतील.