काचेची वाटी छताला टांगताना: मधला दांडा, तीन साखळ्या की गळ्याचं कडं?

जुन्या वाड्यातली दिव्याची हंडी असो नाहीतर नवी मागवलेली दुधी काचेची वाटी, काच हातात आली की प्रश्न एकच पडतो: टांगायची कशाने? दुकानात तीन तऱ्हेचं सामान मिळतं. पहिल्यात काचेच्या मधल्या भोकातून दांडा जातो आणि खालून शोभेचा नट बसतो. दुसऱ्यात काठाला तीन जागी आकडे आणि त्यांच्या साखळ्या. तिसऱ्यात काचेचा गळा कड्यात बसतो आणि बाजूने तीन स्क्रू त्याला धरतात. तिन्ही पद्धती जुन्या आहेत, नीट बसवल्या तर तिन्ही टिकतात. तरी निवड करायची वेळ येते तेव्हा मी गिऱ्हाइकाला आधी एकच विचारतो: ही काच साफ करायला खाली कोण काढणार?

आपल्याकडे हा प्रश्न टाळता येत नाही. उन्हाळाभर धूळ असते आणि मृगाचा पहिला पाऊस पडला की त्याच संध्याकाळी पंखांचे किडे दिव्यावर तुटून पडतात. वर तोंड असलेल्या वाटीत सकाळी पंखांचा थर साचलेला असतो, खालून बघितलं तर दुधी काचेच्या तळाशी काळा डाग दिसतो, आणि दोन दिवसांत तिथे पाल मुक्कामाला येते. वर्षातून निदान तीन-चारदा वाटी उतरवावी लागणारच. जे सामान उतरवताना दोन्ही हात अडकवून ठेवतं, ते कितीही देखणं असलं तरी एकट्या माणसाच्या घरात धोक्याचं आहे.

आधी वजनाचा अंदाज घ्या. साधी काच पाण्याच्या अडीच पट जड असते. 30 सेंमी व्यासाची, 4 मिमी जाडीची अर्धगोल वाटी साधारण 1.4 किलो भरते. जाडी 6 मिमी झाली की तीच दोन किलोच्या पुढे जाते. होल्डर, साखळी, पितळी कप धरला तर घरगुती दिवा तीन किलोच्या आसपास येतो. आकडा छोटा वाटतो, पण तो डोक्यावर आणि काचेचा आहे.

मधला दांडा

वाटीच्या तळाला आधीच भोक असेल तर बहुतेक जण हाच प्रकार घेतात. खालून एक पितळी नट दिसतो, बाकी सामान काचेआड राहतं. ठेंगण्या स्लॅबच्या खोलीत, जिथे साखळीला उंचीच नाही, तिथे हा उत्तम. पंख्याच्या वाऱ्याने वाटी फिरत नाही, डुलत नाही.

याची दुखरी जागा म्हणजे ते भोक. सगळं वजन भोकाच्या काठावर, आणि काच काठावरच तडकते. म्हणून नट आणि काच यांच्यामध्ये रबराचा किंवा फायबरचा वायसर हवा, आतून एक आणि बाहेरून एक. पत्र्याचा वायसर काचेला थेट टेकवू नका. काचेच्या आतल्या बाजूला दांड्यावर आणखी एक नट घालून तो पक्का करा, म्हणजे खालचा नट आवळताना काच हलकेच धरली जाईल, चिमटली जाणार नाही. वायसर दबायला लागला की हात थांबवायचा. पान्याचं इथे काम नाही.

आणखी एक गोष्ट दुकानात उभ्या-उभ्या तपासा. खालचा शोभेचा नट दांड्यावर किती आटे चढतो? पाच-सहा आटे तरी चढले पाहिजेत. दांडा आखूड असेल तर नट दोन आट्यांवर अडकतो आणि वरवर घट्ट वाटतो. असा दिवा मी लावून देत नाही.

बाहेरून मागवलेल्या सामानात आट्यांचाच घोळ असतो. युरोपीय पद्धतीच्या दिव्यांचा पोकळ दांडा 10 मिमीचा, आट्यांमधलं अंतर 1 मिमी. अमेरिकन दांडा एक अष्टमांश इंची म्हणून विकला जातो, त्याला इंचाला 27 आटे. डोळ्यांना दोन्ही सारखेच. एकाचा नट दुसऱ्यावर एक-दोन फेरे जातो आणि मग अडतो. अडला की जोर लावून पुढे ढकलायचा मोह होतो आणि आटे कापले जातात. दांडा आणि नट एकाच ठिकाणाहून घ्या, नाहीतर जुना नट लेथवाल्याकडे नेऊन त्याच मापाचा दांडा काढून घ्या. वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास राहणाऱ्यांना हे काम अवघड नाही.

दांडा पोकळ असतो आणि वायर त्यातूनच जाते. त्याची दोन्ही टोकं कानशीने घासून गुळगुळीत केली आहेत का, ते बोट फिरवून बघा. कापल्यासारखी धार लागली तर ती उद्या वायरच्या आवरणालाही लागेल.

उतरवताना मात्र एका हाताने वाटी तोलायची आणि दुसऱ्याने नट फिरवायचा. मान वर, दोन्ही हात डोक्यावर, पाय स्टुलावर. घरात धरायला दुसरं माणूस असेल तरच दांडा घ्या.

तीन साखळ्या

माझा कल या प्रकाराकडे आहे, म्हणून यावर जास्त लिहितो.

जुन्या हंड्यांना बहुधा भोक नसतं. काठ बाहेर वळवलेला असतो, तो पितळी कड्यात बसतो आणि कड्याला तीन साखळ्या असतात. पसरट वाट्यांना काठाजवळ तीन भोकं असतात आणि त्यांत आकडे जातात. या दोघांत कड्याची पद्धत सरस, कारण वजन सगळ्या काठावर वाटलं जातं. आकडेच असतील तर प्रत्येक आकड्यावर रबरी नळीचा किंवा वायरच्या सोललेल्या आवरणाचा तुकडा चढवा, म्हणजे धातू काचेला लागणार नाही.

साखळीच्या लांबीकडे कोणी लक्ष देत नाही, आणि चूक तिथेच होते. साखळ्या जितक्या पसरट, तितका ताण जास्त. 30 सेंमी व्यासाच्या वाटीला 30 सेंमीच्या साखळ्या लावल्या तर तीन किलो वजनात प्रत्येक साखळीवर सव्वा किलोच्या आतच भार येतो. त्याच साखळ्या 17-18 सेंमीच्या केल्या तर प्रत्येकीवर दोन किलो. शिवाय त्या काठाला आतल्या बाजूला ओढतात, आणि हे ओढणं काचेला सोसत नाही. वाटीचा जेवढा व्यास, निदान तेवढी साखळी, हे माप धरून चाला. एवढी उंची नसेल तर साखळीचा हट्ट सोडून दांड्याकडे वळा.

तीन साखळ्या आहेत म्हणजे एक तुटली तरी दोन धरतील, असा समज बाळगू नका. एक सुटली की वाटी कलंडते आणि उरलेल्या दोन आकड्यांतून घसरून खाली येते. म्हणून तिन्ही साखळ्या सारख्याच मजबूत हव्यात. कड्यांचा सांधा झाळलेला आहे का ते बघा. नुसत्या वळवून टेकवलेल्या कड्या हाताने ओढल्या तरी उघडतात.

पितळ खरं का, हे बघायला खिशात छोटं लोहचुंबक ठेवा. चिकटलं तर आत लोखंड आहे, वरून मुलामा. लोखंड मजबूत असतं, फक्त गंजतं. आपल्या कोरड्या हवेत बैठकीत ते चालून जातं, स्वयंपाकघरात आणि न्हाणीजवळ नाही. चिकटलं नाही तरी निश्चिंत होऊ नका. जस्ताच्या ओतीव मिश्रधातूलाही चुंबक लागत नाही. न दिसणाऱ्या बाजूला कानशीचा एक ओरखडा मारा: आत पिवळं दिसलं तर पितळ, करडं-पांढरं दिसलं तर जस्त. जस्ताचा भाग शोभेला चालेल. वजन धरणारा आकडा त्याचा नको, कारण तो वाकून सूचना देत नाही, एकदम तुटतो.

उतरवणं इथे सोपं करता येतं. तिन्ही आकडे एकेक करून सोडवायला जाऊ नका. एक सोडला की वाटी वाकडी होते आणि आतले किडे डोळ्यांत येतात. तिन्ही साखळ्या वर एका कडीत आणा, ती कडी छताच्या एका हुकात, आणि वायरला तिथेच दोन तोंडांचा जोड, जो ओढला की सुटतो. मेन स्विच बंद केला, जोड काढला, कडी सोडवली, की अख्खा दिवा साखळ्यांसकट हातात. धातूचं कडं आणि साखळी असल्याने अर्थिंगची वायर हवीच, म्हणजे जोडही तीन पिनांचा घ्या.

उंच माळवदाच्या, म्हणजे लाकूड-मातीच्या सपाट छताच्या घरात याहून चांगली सोय कप्पीची. औशातल्या एका काकूंकडे सासऱ्यांच्या काळातली निळी हंडी होती. त्या म्हणाल्या, "भाऊ, माझ्यानं आता स्टुलावर चढणं होत नाही. दिवाच खाली आला पाहिजे." तेलाच्या काळात हंडी रोज खाली घ्यावी लागे, त्यासाठी कप्पी-दोरी असे. तेच परत केलं. तुळईत कप्पी, तीन मिमीची स्टीलची दोरी, भिंतीत दोन शिंगांची खुंटी आणि खाली येईल एवढी मोकळी वायर. हंडी वर गेल्यावर नुसत्या खुंटीवर विसंबायचं नाही म्हणून दोरीला भिंतीजवळ एक वेगळी आधाराची साखळीही लावली. आता त्या बसल्या जागी हंडी पुसतात. खर्च साध्या हुकापेक्षा जास्त येतो, पण ज्या घरात म्हातारं माणूस एकटं आहे तिथे मी दुसरं काही सुचवणार नाही.

आणि हूक बंद तोंडाचा घ्या. इंग्रजी एस अक्षरासारखा उघडा हूक खालच्या ओढीला टिकतो, वरच्या हिसक्याला नाही. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट लातूर-धाराशिवकडच्या माणसाला सांगावी लागत नाही. किल्लारीच्या त्या भूकंपानंतर आपल्या भागात डोक्यावर टांगलेल्या जड वस्तूबद्दल बेफिकीर राहणं बरोबर नाही. स्प्रिंगची जीभ असलेला किंवा स्क्रूने बंद होणारा हूक थोडाच महाग पडतो. दिवा पलंगाच्या बरोबर वर येणार नाही, एवढंही बघा.

गळ्याचं कडं आणि तीन स्क्रू

गोल शेडला गळा आणि गळ्याच्या टोकाला बाहेर आलेली कडा असेल तर हा प्रकार. ओसरी, जिना, न्हाणी, देवघर यांना योग्य. काचेचं तोंड वर आणि कड्याने झाकलेलं, त्यामुळे किडे कमी शिरतात. गळ्याची मापं इंचात ठरलेली असतात: सव्वादोन, सव्वातीन, चार, सहा. शेड फुटली तर त्याच मापाची दुसरी बसते, ही याची मोठी सोय.

स्क्रू काचेला दाबून धरण्यासाठी नसतात. ते कडेच्या खाली आत येतात आणि काच त्यांच्यावर टेकून राहते. तिन्ही स्क्रू बोटांनी, थोडे-थोडे, आळीपाळीने आत घ्यायचे, काचेला लागले की पाव फेरा मागे. याला कारण आहे. तापलं की पितळ साध्या काचेच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, आणि गार झालं की तेवढंच आकसतं. परभणीत मे महिन्यात पारा 43 च्या घरात असताना आवळलेलं कडं जानेवारीच्या 10 अंशांच्या पहाटे काचेला चावतं. फरक केसाच्या जाडीहूनही कमी असतो, पण काच तेवढीही जागा देत नाही. तापलेल्या पिवळ्या बल्बखाली आवळलं तर हाच धोका वाढतो. म्हणून दिवा बंद आणि गार असतानाच आवळा, आणि बल्ब एलईडीच लावा.

उतरवायला हा मधला: स्क्रू हाताने सुटतात, पण तिसरा सुटेपर्यंत दुसरा हात काचेखाली लागतो. शेड लहान असेल तर काही अडत नाही. आठ-दहा इंचांच्या पुढचा गोळा मात्र अशा कड्यावर नको.

भोकच नसेल तर

भोक पाडून घ्यावं का, असं बरेच जण विचारतात. टफन केलेल्या, म्हणजे तापवून कडक केलेल्या काचेला भोक पाडता येत नाही, तिचा जागीच चुरा होतो. साध्या काचेला हिऱ्याच्या बिटाने, पाणी सोडत, सावकाश पाडता येतं. पण आजोबांच्या हंडीवर हा प्रयोग कशाला? काठाच्या मापाचं पितळी कडं तांबटाकडून किंवा लेथवर करून घ्या आणि साखळ्या लावा.

वर छत कोणतं?

सामान ठरवण्याआधी वर बघा. माळवदात हूक तुळईत किंवा सऱ्यात जायला हवा. किलचनाच्या, म्हणजे मातीखाली अंथरलेल्या पातळ फळ्यांत घातलेला हूक मातीसकट निघून येतो. आधी लाकडावर ठोकून बघा. पोकळ आवाज आला तर वाळवीने आतून खाल्लेलं आहे. जुनं सागवान कडक असतं, तिथे बारीक भोक पाडून मगच आट्यांचा हूक फिरवा.

लोखंडी गर्डर आणि शहाबादी फरशीचं छत असेल तर फरशीला ड्रिल लावू नका, ती तडकते. गर्डरच्या खालच्या पट्टीला पकडणारा क्लॅम्प मिळतो, त्यालाच टांगा. सिमेंटच्या स्लॅबमध्ये पंख्याचा गजाचा हूक असेल तर तो सर्वांत भरवशाचा. नसेल तर भोकात फुलून घट्ट बसणारा लोखंडी अँकर फास्टनर मारा. प्लॅस्टिकची गिट्टी भिंतीतल्या खिळ्यापुरती; डोक्यावरचं वजन तिच्यावर सोडायचं नाही. पीओपीच्या छतालाही तेच: दांडा पीओपीच्या आरपार वरच्या स्लॅबपर्यंत गेला पाहिजे. आणि कोणत्याही प्रकारात वजन वायरवर येता कामा नये. वायर थोडी ढिली ठेवा.

काच चढवण्याआधी हूक पारखून घ्या. दिव्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, आयईसी 60598 मध्ये, टांगण्याच्या सामानाला दिव्याच्या वजनाच्या चौपट जादा भार तासभर लावून तपासतात. घरी हे बादलीने जमतं. दिवा तीन किलोचा असेल तर त्याचे तीन आणि जादा बारा किलो धरून, हूक-साखळीला बादली अडकवून तिच्यात पंधरा लिटर पाणी भरा, खाली कोणी येणार नाही असं बघा आणि तासभर सोडा. नंतर हुकाभोवतीचं प्लास्टर, लाकूड, साखळीचे सांधे जवळून तपासा. नवी बारीक भेग दिसली, हूक थोडाही खाली सरकलेला दिसला किंवा एखादी कडी उघडलेली आढळली, तर तो भाग बदलून पुन्हा बादली लावा.